पावसाळ्यात सिगारला बुरशी: टाळायची कशी, आलीच तर काढायची कशी

सिगार कशा साठवाव्यात याबद्दल जे काही वाचायला मिळतं, त्यातलं बरंचसं थंड देशांत राहणाऱ्यांनी लिहिलेलं असतं. तिकडे हिवाळ्यात घरोघरी हीटर चालू असतात, घरातली हवा पार कोरडी होते आणि सिगार वाळून तडकते. म्हणून ते सांगतात, सिगार ठेवायच्या लाकडी पेटीत पाणी घालत राहा, आर्द्रता ७० टक्के ठेवा, नवी पेटी आतून ओल्या फडक्याने पुसा. हाच सल्ला जुलैमध्ये ठाण्यात, रत्नागिरीत किंवा पणजीत पाळला की काही आठवड्यांत रॅपरवर, म्हणजे सिगारच्या सगळ्यात बाहेरच्या पानावर, पांढरी लव दिसायला लागते. आपल्या किनारपट्टीवर पावसाळ्यात बाहेरची हवाच ८०-९० टक्क्यांवर असते. तेव्हा या चार महिन्यांत पेटीने ओलावा द्यायचा नसतो, बाहेरचा ओलावा आत येऊ द्यायचा नसतो. पुढचं सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

हा लेख नव्याने सिगार ठेवू लागलेल्यांसाठी आहे. परदेशातून येताना कुणीतरी पंचवीसची पेटी आणून दिली, आणि आता ती ठेवायची कुठे असा प्रश्न पडलाय, अशांसाठी. सिगार ओढणं तब्येतीला वाईट हे पेटीवर छापलेलं असतंच. बुरशीची सिगार ओढणं त्याहून वाईट, आणि त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

आधी बघा, ही बुरशीच आहे का

घाबरून पेटी रिकामी करण्याआधी सिगार उजेडात धरा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात झूम करून बघितलं तरी पुष्कळ कळतं.

बुरशी ठिपक्याठिपक्यांनी येते. ठिपका पृष्ठभागावरून थोडा वर उचललेला, कापसासारखा लवदार असतो. रंग पांढरा, करडा, हिरवट किंवा निळसर. कोरड्या कापडाने पुसला तर निघतो, पण पुष्कळदा खाली डाग राहतो. वास कुबट येतो, बंद घराचा येतो तसा.

रॅपरवर दिसणारा प्रत्येक डाग मात्र बुरशी नसतो. पान शेतात असताना त्यावर पडलेल्या थेंबांचे फिकट ठिपके राहतात. कधी हिरवा चट्टा दिसतो, तो पानातल्या हरितद्रव्याचा. हे डाग सपाट असतात, बोटाला काही लागत नाही आणि ते पुसूनही जात नाहीत. त्यांच्याकडे दुर्लक्ष करा.

आता ‘प्लूम’बद्दल. जुन्या सिगारवर पानातली तेलं बाहेर येऊन त्यांची बारीक पांढरी पूड जमते, ती उत्तम मुरल्याची खूण, असं दुकानदार आणि जुने शौकीन सांगतात. मला हे पटत नाही. प्लूम म्हणून दाखवलेल्या सिगार भिंगाखाली धरल्या की बहुतेक वेळा त्यावर तंतू दिसतात, आणि तंतू म्हणजे बुरशी. शिवाय मुंबई-गोव्याच्या हवेत पावसाळ्यानंतर पेटी उघडली आणि आत पांढरं दिसलं, तर ती खानदानी मुरलेली सिगार असण्याची शक्यता किती, हे तुम्हीच ठरवा. शंका असेल तेव्हा बुरशी समजूनच वागा. त्यात नुकसान काही नाही.

बुरशी का धरते

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, तंबाखूच्या पानावरही असतात. त्यांना पेटीबाहेर ठेवणं अशक्य आहे. पेटीत सापडणाऱ्या बुरशा बहुतेक ॲस्परजिलस आणि पेनिसिलियम या गटांतल्या, म्हणजे पावावर, लोणच्यावर, चामड्याच्या पट्ट्यावर येणाऱ्यांच्याच भाऊबंद. त्यांना खायला पान आहेच. अडतं ते पाण्यावाचून. आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली आणि तशीच राहिली की त्या वाढतात. २५ ते ३० अंशांत त्यांची वाढ जोरात होते, आणि हवा कोंडलेली असेल तर आणखीच.

पाश्चात्त्य पुस्तकी नियम आहे ७० टक्के आणि ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे २१ अंश सेल्सिअस. २१ अंशांत ७० टक्के चालून जातात. आपल्या घरात एसी बंद असताना २८-३० अंश असतात, आणि तिथे ७० टक्के म्हणजे कडेलोटाच्या अगदी जवळ उभं राहणं. झाकण चार वेळा उघडलं की तुम्ही ७५ च्या पलीकडे. म्हणून माझा सल्ला साधा आहे: किनारपट्टीवर राहत असाल तर ६२ टक्के धरा, फार तर ६५. क्युबन सिगार ओढणारे बरेच जण चवीसाठीही याच आकड्यांवर ठेवतात, कारण जरा कोरडी सिगार नीट जळते, मध्येच विझत नाही.

पायरी १: मीटर तपासून घ्या

लाकडी पेटीबरोबर जो गोल, सोनेरी काटेवाला हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचा मीटर) येतो तो शोभेचा समजा. आतली स्प्रिंग दहा-दहा टक्क्यांनी चुकते. छोटा डिजिटल मीटर घ्या, आणि तोही तपासल्याशिवाय वापरू नका.

तपासायची पद्धत घरगुती आहे. बाटलीच्या झाकणात स्वयंपाकाचं मीठ घ्या, त्यावर पाण्याचे थेंब टाकत जा. ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. हे झाकण आणि मीटर एका झिपच्या पिशवीत ठेवून पिशवी घट्ट बंद करा आणि रात्रभर हात लावू नका. मीठ आणि पाणी असं एकत्र कोंडलं की आतली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, मग बाहेर कितीही पाऊस असो. सकाळी पिशवी न उघडताच आकडा वाचा. ७२ दाखवत असेल तर मीटर तीनने कमी सांगतोय, दर वेळी तीन मिळवा. ७९ दाखवत असेल तर चार वजा करा. हा फरक कागदावर लिहून मीटरच्या मागे चिकटवून टाका. दर वर्षी मे महिन्यात पुन्हा तपासा.

पायरी २: पेटी निवडा, आणि इथे दिखावा विसरा

स्पॅनिश सीडरची पेटी देखणी असते यात वाद नाही. हे झाड नावाने सीडर असलं तरी देवदाराशी त्याचं नातं नाही. ते महोगनीच्या कुळातलं, म्हणजे आपल्या कडुनिंबाच्याही कुळातलं. लाकूड ओलावा धरतं आणि सोडतं, त्यामुळे आतली आर्द्रता एकदम वर-खाली होत नाही. पण स्वस्त लाकडी पेटीचं झाकण क्वचितच घट्ट बसतं, आणि जुलैत हीच फट घात करते.

झाकण तपासायचं असेल तर एक नोट अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून झाकण लावा आणि ओढा. सहज निघून आली तर झाकण ढिलं आहे. चारही बाजूंनी करून बघा. दुसरी युक्ती अशी की आत पेटती टॉर्च ठेवून झाकण लावायचं आणि खोलीतले दिवे घालवायचे. जिथून उजेड दिसतो तिथून ओलावाही येतो.

नव्या माणसाने पहिली दोन वर्षं रबरी कडेचा, चारही बाजूंनी खटके लागणारा प्लास्टिकचा हवाबंद डबा वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे. किंमत नगण्य, आणि पावसाळ्यात तो भारी लाकडी पेटीपेक्षा चांगलं काम करतो. फक्त अन्न ठेवून झालेला डबा घेऊ नका, लसणीचा वास कितीही घासलं तरी जात नाही. नवा डबा धुऊन, उघडा ठेवून प्लास्टिकचा वास जाऊ द्या. आत सीडरच्या पातळ फळ्या किंवा सिगारच्या रिकाम्या पेटीची लाकडी पट्टी ठेवली की झालं.

लाकडी पेटी आधीच घेतली असेल तर एक सावधगिरी. ‘सीझनिंग’ म्हणजे नव्या लाकडाला आधी ओलावा पाजून घेणं. ते ओल्या फडक्याने कधीही करू नका. पाण्याने लाकूड फुगतं, वाकतं, आणि तीच ओल पुढे बुरशीला मिळते. मुळात पावसाळ्यात हे करायची गरज बहुधा पडतच नाही. रिकाम्या पेटीत मीटर ठेवून दोन दिवसांनी बघा. ६५ च्या वर असेल तर लाकूड आधीच भरपूर प्यालेलं आहे.

पायरी ३: पाणी नको, दोन्हीकडे काम करणारी पाकिटं घ्या

पेटीबरोबर येणारा स्पंज किंवा हिरवा फोम काढून टाका. तो फक्त पाणी सोडतो, जास्तीचं पाणी परत ओढून घेणं त्याला जमत नाही, आणि तो सतत ओला राहिल्याने पहिली बुरशी पुष्कळदा त्याच्यावरच धरते. काही जण त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घालतात. त्याने बुरशीला आळा बसतो, पण आर्द्रता ७० च्या आसपासच राहते, आणि आपल्याला तर त्याच्या खाली यायचं आहे. नळाचं पाणी तर कुठल्याच ऋतूत नको.

त्याऐवजी बोव्हेडा या कंपनीची किंवा तशी पाकिटं घ्या. आत क्षाराचं संपृक्त द्रावण असतं, म्हणजे वर सांगितलेल्या मिठाच्या चाचणीचंच तत्त्व. हवा कोरडी झाली की पाकीट बाष्प सोडतं, दमट झाली की शोषतं. पाकिटावर आकडा छापलेला असतो: ६२, ६५, ६९, ७२ असे. किनाऱ्यावर ६२ घ्या. पुणे, नाशिक, संभाजीनगरला ६५ चालेल. ७२ ला हातही लावू नका. पंचवीस सिगारमागे ६० ग्रॅमचं एक पाकीट हा कंपनीचा हिशेब, पावसाळ्यात मी त्याच्या दुप्पट ठेवा असं सांगेन. जास्त ठेवल्याने आर्द्रता छापील आकड्याच्या पुढे जात नाही.

पाकिटाकडे लक्ष ठेवायची रीत उन्हाळ्यात एक आणि पावसाळ्यात दुसरी. उन्हाळ्यात ते कडक, खडखडीत झालं की संपलं. पावसाळ्यात उलट होतं. पाकीट फुगतं, आत पाणी डुचमळायला लागतं. म्हणजे त्याने बाहेरून आलेला ओलावा पिऊन पिऊन पोट भरलं आहे, आता ते काही शोषणार नाही. टाकून देऊ नका. वेगळ्या हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर काही दिवस ठेवा, पुन्हा लवचिक झालं की वापरा. आठवड्याभरातच पाकीट फुगत असेल तर दोष पाकिटाचा नाही, झाकणाचा आहे.

पायरी ४: डबा कुठे ठेवायचा

घराच्या आतल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटाचा मधला कप्पा सगळ्यात चांगला. पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत, बाथरूमला लागून असलेली भिंत आणि जमीन टाळा. माळ्यावर तर नकोच, तिथे मे महिन्यात भाजून निघतं.

सिगार वास ओढून घेते. कपाटात डांबराच्या गोळ्या किंवा कापूर असेल तर सिगारला त्याची चव येईल, आणि मग काहीही केलं तरी ती जाणार नाही. देवघराशेजारी उदबत्तीचा, स्वयंपाकघरात फोडणीचा वास. दोन्हीपासून लांब.

फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह होतो. नको. आपले फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आतली हवा कोरडी करतात, आणि बाहेर काढल्यावर सिगारवर दव पडतं ते वेगळंच.

दवाचा हा मुद्दा एसीवाल्यांनी नीट समजून घ्यावा. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर ती हवा साधारण २६ अंशांच्या खालच्या कुठल्याही वस्तूला लागली की तिच्यावर पाणी जमतं. रात्रभर २३ अंशांच्या बेडरूममध्ये थंड झालेला डबा सकाळी दमट हॉलमध्ये आणून उघडला, की त्या हवेतलं पाणी थेट थंड रॅपरवर बसतं. नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाही, पण बुरशीला तेवढं पुरतं. म्हणून डबा ज्या खोलीत थंड झाला त्याच खोलीत, एसी चालू असताना उघडा. दुसरीकडे न्यायचाच असेल तर बंद डबा तासभर तिथे राहू द्या, मग उघडा.

पायरी ५: जून ते सप्टेंबर

झाकण कमीत कमी वेळा उघडा. ओढायच्या सिगार छोट्या वेगळ्या डब्यात काढून ठेवल्या की मोठा डबा पंधरा-पंधरा दिवस उघडावा लागत नाही. मीटरचा सेन्सर आत आणि आकडा मोबाइलवर, असा ब्लूटूथवाला मिळतो. पावसाळ्यात तो चैनीची वस्तू राहत नाही.

सिगारवर सेलोफेनचं पारदर्शक वेष्टन असेल तर काढू नका. त्यातून बाष्प जातं-येतं, पण एका सिगारची बुरशी शेजारणीला लागायला अडसर होतो. डबा ठासून भरू नका, चतुर्थांश जागा मोकळी सोडा. पंधरवड्याने उघडाल तेव्हा खालच्या सिगार वर आणा. बुरशी पहिल्यांदा तळात आणि कोपऱ्यात दिसते, तेव्हा तिथल्या दोन-चार नक्की उचलून बघा, दोन्ही टोकांसकट.

नवी आणलेली सिगार थेट जुन्यांत मिसळू नका. किमान दोन आठवडे झिपच्या पिशवीत ६२ च्या पाकिटाबरोबर वेगळी ठेवा. दुकानातल्या काचेच्या कपाटात ती कशी ठेवली होती हे तुम्हाला कळायला मार्ग नाही.

बुरशी दिसलीच तर

फुंकर मारू नका. पहिली प्रतिक्रिया तीच असते आणि तिनेच बीजाणू डबाभर पसरतात. डबा खिडकीजवळ न्या, पंखा बंद करा, मास्क लावा. दमा किंवा ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, तर हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या.

सगळ्या सिगार बाहेर काढून तीन वाटे करा.

पहिला वाटा फेकायचा. ज्या सिगारच्या पेटवायच्या टोकात, आतल्या पानांमध्ये बुरशी शिरली आहे तिचं काही होऊ शकत नाही. आत किती खोल गेली आहे ते दिसत नाही आणि तो धूर तुम्ही तोंडात घेणार आहात. हिरवी, निळी किंवा काळी बुरशी असेल, रॅपर मऊ पडला असेल किंवा पुसल्यावरही कुबट वास राहत असेल, तरीही फेका. महाग होती म्हणून ठेवू नका. बंद पिशवीत घालून कचऱ्यात टाका, घरातल्या उघड्या डब्यात नाही.

दुसरा वाटा पुसायचा. रॅपरवर नुसते पांढरे ठिपके, टोकं स्वच्छ, वास ठीक. मऊ सुती कापडाने किंवा नव्या मेकअप ब्रशने, घराबाहेर, हळूच पुसा. कापड कोरडंच हवं. ओलं केलं तर रॅपर सुटेल आणि पुन्हा पाणी दिल्यासारखं होईल. पुसलेल्या सिगार वेगळ्या डब्यात ६२ च्या पाकिटाबरोबर महिनाभर ठेवा. परत काही उगवलं नाही तर मुख्य डब्यात घ्या, उगवलं तर पहिल्या वाट्यात. घाईने उन्हात किंवा पंख्याखाली वाळवू नका, रॅपर चिरतो.

तिसरा वाटा वरकरणी स्वच्छ असलेल्यांचा. त्यांनाही त्याच हवेने वेढलं होतं, तेव्हा त्यांना स्वच्छ समजायचं नाही. महिनाभर अलग, मग बघा.

पेटी प्लास्टिकची असेल तर साबणाने धुवा, पूर्ण कोरडी करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. लाकडी असेल तर पाणी अजिबात नको. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन आतली प्रत्येक फळी, कप्पे आणि सांधे पुसा. खिडक्या उघड्या ठेवा, आणि गॅस किंवा देवापुढची समई जवळ पेटलेली नसावी, अल्कोहोलची वाफ भडकते. डाग राहिला तर बारीक पॉलिश पेपर फिरवा. मग एसीच्या खोलीत दोन-तीन दिवस उघडी राहू द्या आणि अल्कोहोलचा वास पूर्ण गेल्याशिवाय काही ठेवू नका. फिनेल, डेटॉल, ब्लीच, व्हिनेगर यांतलं काहीही वापरू नका. बुरशी जाईल, पण त्यांचा वास लाकडात कायमचा बसेल. जुना स्पंज असेल तर फेका. पाकिटांवर ठिपके दिसत असतील तर तीही.

हे सगळं करून पुन्हा तशाच ढिल्या झाकणाच्या पेटीत सिगार ठेवल्या तर महिन्याभरात पुन्हा तेच होईल. त्यामुळे आधी ओल कुठून आली ते शोधा. बहुतेक वेळा कारण झाकण, चुकीचा मीटर किंवा स्पंज, या तिघांपैकी एक असतं.

ऑक्टोबर आला की

पाऊस सरला की नवे लोक निर्धास्त होतात, आणि नेमकी तेव्हा तंबाखूची कीड निघते. लासिओडर्मा सेरिकॉर्नी नावाचा हा तपकिरी भुंगा दोन-तीन मिलिमीटरचा असतो. हळकुंडांना आणि तिखटाला भोकं पाडणारा तो हाच, म्हणून मसाल्याचं कपाट आणि सिगार यांच्यात अंतर हवं. उबदार हवेत अंडी उबतात, म्हणजे आपल्याकडे कधीही. रॅपरवर टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक आणि तळाशी तपकिरी पूड दिसली तर ती बुरशी नव्हे, कीड. सिगार दोन पिशव्यांत घट्ट बंद करून एक दिवस फ्रिजमध्ये, मग आठवडाभर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये, मग पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, आणि शेवटी पिशवी न उघडता खोलीत पूर्ण निवू द्या. थंडीने कीड आणि अंडी मरतात. बुरशीचे बीजाणू मरत नाहीत, त्यामुळे बुरशीवर फ्रीझर हा उपाय नाही.

घाटावर आणि विदर्भात ऑक्टोबरनंतर पाळी उलटी फिरते. नागपुरात एप्रिलच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की थंड देशांतला तो सल्ला तिथे बऱ्यापैकी लागू पडतो: ६५ किंवा ६९ ची पाकिटं घ्या आणि कडक झाली की लगेच बदला. मुंबई, कोकण आणि गोव्यात मात्र हिवाळ्यातही ६२ वरच राहा, आणि मे संपायच्या आत मिठाची चाचणी, झाकणाची नोट आणि नवी पाकिटं, एवढं उरकून घ्या.